प्रोलॉग पुन्हा शिकायचंय: कुठलं इम्प्लिमेंटेशन घ्यावं, कुठून सुरुवात करावी?

अबोली

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या आजीकडे एक वही आहे. तिच्या माहेरची आणि सासरची मिळून साधारण तीनशे माणसं तिने त्यात लिहून ठेवली आहेत. कोण कुणाची मुलगी, कुठे दिली, कुणाचं दत्तकविधान झालं, सगळं. आजी आता शहाऐंशी वर्षांची आहे. ती असेपर्यंत मला हे नीट उतरवून तपासून घ्यायचं आहे. आधी एक्सेलमध्ये भरलं, पण "ओमची मावशी कोण?" असं एक्सेलला विचारता येत नाही. बाजारातली वंशावळीची सॉफ्टवेअर पाहिली. त्यांना मामा, काका, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान हे सगळे एकच.

तेव्हा कॉलेजात केलेलं प्रोलॉग आठवलं, म्हणजे नोंदी आणि नियम लिहून प्रश्न विचारायची संगणकभाषा. आमच्या प्रॅक्टिकलला डॉसच्या निळ्या खिडकीतलं टर्बो प्रोलॉग होतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. आता मनापासून शिकायचंय.

१. आज कुठलं इम्प्लिमेंटेशन (ही भाषा चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं? शोधलं तर दहा-बारा नावं आली.
२. पुस्तक कुठलं?
३. नावं आणि नाती देवनागरीत लिहिता येतील का? आजीला पडद्यावर वाचून दाखवायचं आहे.

---

जुना_संगणकवाला

अबोली, पहिल्यांदा एक सांगतो. तुम्ही कॉलेजात जे शिकलात त्यातलं बरंचसं आता बाजूला ठेवा. टर्बो प्रोलॉग बोरलँडने १९८६ साली आणलं. वेग चांगला होता, पण त्यात डोमेन्स, प्रेडिकेट्स, क्लॉजेस, गोल असे विभाग पाडून प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी जाहीर करावा लागे. एडिनबरो पद्धतीच्या प्रोलॉगमध्ये, म्हणजे पुढे १९९५ साली ज्याचं आयएसओ प्रमाणीकरण झालं त्यात, असलं काही नाही. टर्बोचा वारसा पुढे व्हिज्युअल प्रोलॉगकडे गेला आणि ती आता जवळजवळ वेगळीच भाषा आहे. माझ्या पिढीतले कितीतरी लोक प्रोलॉग म्हणजे तो निळा पडदा समजून बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या कामासाठी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग घ्या. यान वीलेमाकर यांनी १९८७ साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात सुरू केलं आणि आजही त्याची देखभाल तेच बघतात. फुकट आहे, मुक्त परवान्याखाली आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं 'स्विश' आहे. डावीकडे प्रोग्राम लिहा, उजवीकडे क्वेरी, म्हणजे प्रश्न, विचारा.

बाकी नावांचं थोडक्यात. जीएनयू प्रोलॉग दानिएल दियाझ यांचं. ते थेट मशीन कोडमध्ये कंपाइल होतं, आटोपशीर आहे, पण लायब्ररी कमी. सिक्स्टस स्वीडनचं, व्यावसायिक परवान्याचं आणि फार दर्जेदार. तुम्हाला त्याची गरज नाही. एक्सएसबी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकचं, टेबलिंगसाठी (मिळालेली उत्तरं नोंदवून ठेवण्यासाठी) प्रसिद्ध. सियाओ माद्रिदचं. टाऊ प्रोलॉग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, वेबपानात घालायला सोयीचं. स्क्रायर प्रोलॉग रस्ट भाषेत लिहिलेलं, प्रमाणाला फार काटेकोर धरून चालणारं. ट्रेआला सी भाषेतलं, अगदी छोटं.

---

डच_मराठी

देवनागरीचं मी सांगते, कारण मी हे करून पाहिलं आहे.

प्रोलॉगमध्ये रोमन मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द व्हेरिएबल (उत्तराने भरायची रिकामी जागा) आणि लहान अक्षराने सुरू होणारा शब्द अ‍ॅटम. (अ‍ॅटम म्हणजे ठरावीक नाव.) आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. मग काय करायचं? एसडब्ल्यूआयचा नियम सरळ आहे: शब्द मोठ्या अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू झाला तर व्हेरिएबल, नाहीतर अ‍ॅटम. म्हणजे 'सुमन', 'आई', 'मावशी' हे अवतरणचिन्हांशिवाय तसेच लिहिता येतात आणि व्हेरिएबल '_कोण', '_आजी' असं लिहायचं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं नावाचा भाग म्हणून चालतं. माझ्याकडच्या जीएनयू प्रोलॉगच्या जुन्या आवृत्तीत मात्र हे जमलं नव्हतं.

दोन सूचना. व्हेरिएबल क्लॉजमध्ये (एका नियमात किंवा नोंदीत) एकदाच आलं तर प्रोलॉग 'सिंगलटन' म्हणून बजावतं आणि टायपिंगच्या निम्म्या चुका तिथेच सापडतात. अधोरेखेने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलला ही बजावणी मिळत नाही. तुम्ही एका ठिकाणी '_आजी' आणि दुसऱ्या ठिकाणी '_आजि' लिहिलंत तर कुणी टोकणार नाही, फक्त उत्तरं चुकतील. ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत तेल घालून तपासा.

दुसरं, काही इम्प्लिमेंटेशन्स अधोरेखेची व्हेरिएबल्स उत्तरात दाखवत नाहीत. एसडब्ल्यूआयमध्ये त्यासाठी वेगळा फ्लॅग (सेटिंग) आहे. उत्तर दिसलं नाही तर क्वेरीत रोमन मोठं अक्षर वापरून बघा.

---

अबोली

दोघांचेही खूप आभार. बसवलं! रात्री अकरा वाजता 'आई(नीता, सुमन).' लिहिलं आणि त्याने ते निमूटपणे घेतलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

क्रम मी असा ठेवला आहे: 'आई(नीता, सुमन)' म्हणजे "नीताची आई सुमन". इंग्रजी पुस्तकांत उलटा असतो, पण मला षष्ठी आधी आली की वाचताना अडखळायला होत नाही. मामा लगेच जमला (':-' म्हणजे "जर", स्वल्पविराम म्हणजे "आणि"):

मामा(_कोण, _मामा) :-
  आई(_कोण, _आई),
  आई(_आई, _आजी),
  आई(_मामा, _आजी),
  पुरुष(_मामा).

आणि यातली जी गोष्ट कॉलेजात कुणी दाखवलीच नव्हती ती आता दिसली. 'मामा(ओम, _म)' विचारलं तर ओमचा मामा मिळतो आणि 'मामा(_क, विजय)' विचारलं तर विजयचे सगळे भाचे-भाच्या मिळतात. नियम एकच, मी काहीही बदललं नाही.

पण मावशीला अडले. शेवटची ओळ 'स्त्री(_मावशी)' केली तर ओमची मावशी म्हणून त्याची आईच येते. बरोबरच आहे, ती पण आजीची मुलगी. म्हणून नियमाच्या सुरुवातीलाच '_आई \= _मावशी' घातलं. आता सगळ्यांनाच 'फॉल्स' (उत्तर नाही) येतंय. ओमला दोन सख्ख्या मावश्या आहेत हो!

---

गणितशिक्षक

या खड्ड्यात प्रत्येकजण एकदा पडतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

'\=' चा अर्थ "वेगळे आहेत" असा नाही. त्याचा अर्थ "या क्षणी ही दोन पदं एकरूप होऊ शकत नाहीत" असा आहे. नियमाच्या सुरुवातीला '_आई' आणि '_मावशी' दोन्ही रिकामी आहेत. रिकामी व्हेरिएबल्स केव्हाही एकरूप होऊ शकतात. म्हणून '\=' तिथल्या तिथे अपयशी ठरतं आणि पुढच्या ओळींपर्यंत गाडी जातच नाही. तीच ओळ नियमाच्या शेवटी टाका, दोन्ही मावश्या येतील.

पण ओळींचा क्रम बदलला की अर्थ बदलतो ही गोष्ट मला मुळात पटत नाही. तर्कशास्त्रात "अ आणि ब" हे "ब आणि अ" असंच असतं. म्हणून '\=' ऐवजी 'डिफ' वापरा (लिहिताना रोमन लिपीत): डिफ(_आई, _मावशी). हे प्रेडिकेट ('आई', 'मामा' यांसारखं नातं) घाईने उत्तर देत नाही. व्हेरिएबल्स रिकामी असतील तर "ही दोन वेगळी असली पाहिजेत" अशी अट मागे ठेवून पुढे जातं आणि किंमती कळल्यावर तपासतं. ते सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठेही ठेवा, उत्तरं तीच. कल्पना जुनी आहे, आलँ कोलमेरॉयर यांच्या प्रोलॉग-दोनमध्ये ती होती. एसडब्ल्यूआय, सिक्स्टस, स्क्रायर या तिघांतही आहे. इतकी जुनी आणि इतकी उपयोगाची गोष्ट नवशिक्यांच्या पुस्तकांत मागच्या पानांवर का ढकलतात हे मला कळत नाही.

आकड्यांचंही तेच. 'इज' ने केलेलं गणित एकाच दिशेने चालतं. उजवीकडचं सगळं माहीत असेल तरच डावीकडचं मिळतं, नाहीतर एरर. त्याऐवजी पूर्णांकांच्या कन्स्ट्रेंटची (अटींची) लायब्ररी लोड करून '_वय #= _साल - _जन्म' लिहा. जन्मसाल माहीत असेल तर वय मिळेल, वय माहीत असेल तर जन्मसाल. आजीच्या वहीत "त्या साली ती सात वर्षांची होती" असल्या नोंदी असतीलच ना?

---

अबोली

असल्याच नोंदी आहेत! एकही जन्मतारीख नाही, सगळं "लग्नात नऊ वर्षांची" आणि "थोरल्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी". हे तर माझ्यासाठीच केल्यासारखं आहे.

डिफ लावलं. ओमच्या दोन्ही मावश्या आल्या.

---

पारिजात

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी भाषेच्या अंगाने प्रोलॉगकडे आले, म्हणून त्या बाजूचं लिहिते.

ही भाषा जन्मालाच मुळी माणसाच्या भाषेसाठी आली. १९७२ साली मार्सेयमध्ये कोलमेरॉयर आणि फिलिप रूसेल यांना फ्रेंचमध्ये प्रश्न विचारून फ्रेंचमध्ये उत्तरं देणारी यंत्रणा हवी होती. तर्कशास्त्राची बाजू एडिनबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांची. नावसुद्धा फ्रेंच 'प्रोग्रामासियाँ आँ लोजिक'वरून आलं. त्यामुळे प्रोलॉगमध्ये व्याकरण लिहायची सोय अंगचीच आहे, तिला डीसीजी म्हणतात. मराठीत हे किती सुंदर बसतं पाहा. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे नाही, कर्माप्रमाणे बदलतं:

वाक्य --> कर्ता, कर्म(_लिंग), क्रियापद(_लिंग).
कर्ता --> [रामाने].
कर्ता --> [सीतेने].
कर्म(पु) --> [आंबा].
कर्म(स्त्री) --> [पोळी].
कर्म(नपुं) --> [केळं].
क्रियापद(पु) --> [खाल्ला].
क्रियापद(स्त्री) --> [खाल्ली].
क्रियापद(नपुं) --> [खाल्लं].

?- वाक्य([रामाने, पोळी, _क्रि], []).
_क्रि = खाल्ली.

(रीतसर 'फ्रेज' वापरून विचारावं, इथे थेट विचारलं आहे.) पहिल्या ओळीत '_लिंग' दोनदा आलं, त्यातच कर्मणी प्रयोगाचा सगळा नियम आला. सगळ्या जागा रिकाम्या ठेवून विचारलंत तर हेच व्याकरण सहाच्या सहा शुद्ध वाक्यं रचून देतं.

पुस्तकातून डीसीजी शिकताना एका गोष्टीने माझा आठवडा खाल्ला, तुमचा जाऊ नये. जुन्या पुस्तकांत दुहेरी अवतरणातला मजकूर म्हणजे अक्षरांच्या कोडांची यादी असते. एसडब्ल्यूआयने सातव्या आवृत्तीपासून त्याला वेगळा स्ट्रिंग प्रकार केला. स्क्रायरमध्ये तो अक्षरांची यादी असतो. त्यामुळे पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं तरी चालत नाही आणि वाटतं आपलंच चुकलं. दुहेरी अवतरणांचा फ्लॅग बदलला की चालतं. आणि मराठी शब्द अक्षरांत फोडलात तर 'कि' चे दोन तुकडे होतात, 'क' आणि वेलांटी. प्रत्यय ओळखायचे असतील तर हे सोयीचंच पडतं.

---

मुठाकाठ

वाचतोय आणि आवडतंय, पण प्रामाणिक प्रश्न. आता सगळं न्यूरल नेटवर्कवर चाललेलं असताना यात वेळ घालवावा का? नोकरीच्या दृष्टीने विचारतोय. मी तिसऱ्या वर्षाला आहे.

---

जुना_संगणकवाला

मुठाकाठ, प्रश्न रास्त आहे. केवळ प्रोलॉगच्या नोकऱ्या मोजक्याच, हे आधीच सांगतो. १९८२ साली जपानने पाचव्या पिढीच्या संगणकाचा प्रकल्प तर्काधिष्ठित भाषांवर उभा केला, त्या दहा वर्षांत अपेक्षा आभाळाला टेकल्या आणि नंतर निराशाही तेवढीच झाली. मी ती दोन्ही पाहिली.

पण कल्पना मेल्या नाहीत. एरलँग या संगणकभाषेचं पहिलं रूप प्रोलॉगमध्ये लिहिलं होतं. आयबीएमच्या वॉटसन या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या यंत्रणेत प्रश्नाच्या वाक्यरचनेतले नमुने शोधायला प्रोलॉग होतं. टर्मिनसडीबी हा डेटाबेस एसडब्ल्यूआयवर उभा आहे. डेटालॉग हे प्रोलॉगचं धाकटं भावंड आज कोडमधल्या चुका शोधायच्या साधनांत वापरतात. आणि अबोलींच्या कामाकडे बघ. "बहुधा मावशी असावी" हे उत्तर तिथे चालणार नाही. कुठल्या नोंदींवरून ती मावशी ठरली हे दाखवता आलं पाहिजे. तिसऱ्या वर्षाला असशील तर एक सुट्टी याला दे. तुझ्या इतर भाषांतला कोडसुद्धा बदलेल.

---

गणितशिक्षक

पुस्तकांचा प्रश्न राहूनच गेला.

सुरुवातीला 'लर्न प्रोलॉग नाऊ'. ब्लॅकबर्न, बॉस आणि स्ट्रिग्निट्झ यांचं. फुकट वाचता येतं, धडे छोटे, प्रत्येक धड्याला स्वाध्याय. स्वाध्याय सोडू नका, विशेषतः एकरूपता आणि रिकर्शनचे (स्वतःलाच बोलावणाऱ्या नियमांचे).

क्लॉक्सिन आणि मेलिश यांचं १९८१चं पुस्तक पहिलं गाजलेलं पाठ्यपुस्तक, पण मला ते आज कोरडं वाटतं. इव्हान ब्राट्को यांचं चांगलं आहे, ओढा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे असेल तर. स्टर्लिंग आणि शपिरो यांचं 'द आर्ट ऑफ प्रोलॉग' दुसऱ्या टप्प्यावर. आधी घेतलंत तर जड जाईल, नंतर घेतलंत तर खाली ठेववणार नाही. रिचर्ड ओकीफ यांचं १९९०चं 'द क्राफ्ट ऑफ प्रोलॉग' त्याहून पुढचं. पीटर फ्लाख यांचं 'सिम्प्ली लॉजिकल'ही फुकट आहे आणि त्यातली उदाहरणं पानावरच चालवता येतात.

माझं सगळ्यात आवडतं मार्कस ट्रिस्का यांचं 'द पॉवर ऑफ प्रोलॉग', जालावर फुकट, सोबत व्हिडिओ. एसडब्ल्यूआयमधली पूर्णांकांच्या कन्स्ट्रेंटची लायब्ररी यांनीच लिहिली. ते पहिल्या पानापासून डिफ आणि '#=' वापरतात. कट (उरलेले पर्याय तोडणारी खूण) आणि '\=' ची सवय लागायच्या आत हे वाचलं तर पुढचे कष्ट वाचतात. मी मुलांना हल्ली याच क्रमाने शिकवतो. कट फक्त दाखवतो, वापरायला देत नाही.

सरावाला वेर्नर हेट यांची नव्याण्णव गणितं. पहिली वीस यादीवरची आहेत, रोज दोन करा.

---

अबोली

परत अडले. लग्नाची नोंद एकदाच करायची म्हणून 'जोडपं(विजय, रेखा).' लिहिलं आणि उलटं पण लागू व्हावं म्हणून 'जोडपं(_क, _ख) :- जोडपं(_ख, _क).' आता विजयची बायको विचारली तर रेखा येते, पुढचं उत्तर मागितलं की परत रेखा, परत रेखा. आणि अविवाहित ओमबद्दल विचारलं तर परत येतच नाही, कंट्रोल-सी करावं लागतं.

---

डच_मराठी

ओमसाठी काय होतंय: ओमचं जोडपं शोधायला उलटं जोडपं शोधायचं, ते शोधायला परत सुलटं, असं अनंत. प्रोलॉग नियम वरून खाली, एकच वाट धरून खोल खोल जातं. आपण या वाटेवर आधी येऊन गेलो हे त्याच्या लक्षात राहत नाही. ट्रेस (एकेक पायरी दाखवणारी सोय) लावून बघा, कॉल, एक्झिट, रीडू, फेल या चार दारांपैकी फक्त कॉल, कॉल, कॉल दिसेल.

साधा उपाय म्हणजे नोंद आणि नातं वेगळं ठेवा:

जोडपं(_क, _ख) :- विवाह(_क, _ख).
जोडपं(_क, _ख) :- विवाह(_ख, _क).

दुसरा उपाय टेबलिंग. फाइलच्या वर 'टेबल' हा निर्देश (रोमनमध्ये) देऊन जोडपं/२ (दोन जागांचं 'जोडपं') लिहिलंत तर तुमचा मूळ नियमसुद्धा थांबेल. प्रोलॉग विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं नोंदवून ठेवतं आणि त्याच प्रश्नावर परत आलं तर नव्याने खोल जात नाही. हे काम मुख्यतः एक्सएसबीचं, तिथल्या डेव्हिड एस. वॉरन यांच्या गटाचं. (१९७७चा एडिनबरोचा कंपायलर आणि १९८३चं वॉरन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मशीन ज्यांचं ते डेव्हिड एच. डी. वॉरन. मी पुष्कळ दिवस दोघांना एकच माणूस समजत होते.) आता एसडब्ल्यूआयमध्येही आहे. वंशावळीत 'पूर्वज' सारखे नियम येणारच, तिथे उपयोगी पडेल. पण लग्नाला साधाच उपाय करा, म्हणजे वहीतली नोंद आणि तुमचा निष्कर्ष यांची सरमिसळ होणार नाही.

---

अबोली

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोनशे ऐंशी माणसं भरून झाली. काल फाइल घेऊन आजीकडे बसले.

सगळी नाती एका 'नातं' प्रेडिकेटखाली आणली आहेत. आजोबांचे दत्तात्रय कोण, असं विचारलं. उत्तर आलं 'मामा'. पुढचं उत्तर मागितलं तर 'सासरा'. मला वाटलं परत माझा नियम चुकला. ट्रेस लावून बसले, अर्धा तास गेला. आजीने विचारलं काय शोधतेस, तर तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "अगं, बरोबर आहे ते. माझे वडील त्यांचे मामाच की. मी मामेबहीण त्यांची, म्हणून तर दिली."

मला हे माहीतच नव्हतं. मी दोन वेगवेगळ्या पानांवरच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशी भरल्या होत्या.

आता पुढचा प्रश्न. पान बावीसवर एक दत्तक आहे. जन्मदात्या आईकडून त्याला एक मामा आहे आणि दत्तक आईकडून दुसरा. आजी म्हणते दोघंही त्याला मामाच, पण तेराव्याला कुणी कुठे जायचं ते वेगळं. 'आई' ला तिसरा आर्ग्युमेंट (कंसातली तिसरी जागा) द्यावा की 'जन्मदाती' आणि 'दत्तक_आई' अशी दोन प्रेडिकेट्स करून 'आई' नियमाने काढावी? जाणकारांनी सांगावं, मी रविवारी परत आजीकडे जाणार आहे.

---

गणितशिक्षक

दोन प्रेडिकेट्स करा. वहीत जे लिहिलंय ते नोंदीत, 'आई' नियमात. म्हणजे 'मामा' ला हात लावावा लागणार नाही आणि तेराव्यासाठी फक्त 'दत्तक_आई' वरून वेगळा नियम लिहिता येईल. शनिवारी रात्री इथे असतो, अडलात तर लिहा.